मोहोळाचा कर्ता

"काका, बाबांनी गोळ्या बंद केल्यात," चंद्रिका फोनवर म्हणाली. "बीपीच्या, हृदयाच्या, सगळ्याच. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. म्हणतात, राजेंद्रला बोलव. आमचा वाद अर्धा राहिलाय. तो पुरा होऊ दे, मग गोळ्यांचं बघू."

मला आधी रागच आला. बायको जाऊन दोन महिने झाले आणि या माणसाला वाद सुचतोय! मग वाटलं, आमच्यात वादाशिवाय दुसरं होतं तरी काय? गोपाळकृष्णसर लोणावळ्याचे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मी कामशेतचा, हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवून रिटायर झालेला. ते एकेकाळचे माझे शिक्षक आणि पुढे जन्मभराचे भांडायचे सोबती. भांडणाचा विषय एकच. हे जग कोणी केलं, की आपोआप झालं?

आमच्या घरात देव नाही. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले टाक पवना नदीत सोडले. आई सांगायची, टाक सोडताना त्यांचे हात थरथरत होते, पण परतताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. ज्या कर्त्यानं आम्हाला गावकुसाबाहेर घडवलं असं लोक सांगत, त्या कर्त्यालाच त्यांनी रजा दिली होती. तेव्हा कर्ता आहे की नाही हा माझ्यासाठी चहाच्या कपावरचा प्रश्न नव्हता. सरांना हे ठाऊक होतं. म्हणून ते माझ्याशी भांडताना कधी पोथीचा आधार घ्यायचे नाहीत.

"पोथी बाजूला ठेव," ते म्हणायचे, "मूर्ती बाजूला ठेव, भटजीलाही घरी पाठव. नुसते डोळे उघडून निसर्गाकडे बघ. एवढी नीटस रचना बघून रचणारा आठवत नसेल तर डोळे तपासून घे."

आमची भांडायची जागाही ठरलेली होती. बेडशाच्या पुढच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. पाटी नाही, तिकीट नाही, रस्ताही धड नाही. आत एक स्तूप, बाजूला पाण्याचं टाकं, आणि वर कपारीला लोंबणारी आग्यामोहोळं. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही वर चढायचो, टाक्याच्या काठावर बसायचो, आणि सर दर वेळी एकाच वाक्यानं सुरुवात करायचे.

"राजेंद्र, चौकोन का नाही केले रे त्यांनी?"

म्हणजे मधमाश्यांनी. घर षटकोनी केलं की कमीत कमी मेण लागतं आणि मधे फट राहत नाही. त्यांना हे गणित कोणी शिकवलं, हा सरांचा हुकमी पत्ता होता. मी म्हणायचो, "सर, ज्यांनी मेण उधळलं त्या उपाशी मेल्या. काटकसरी होत्या त्या उरल्या." ते म्हणायचे, "आणि जगात ही काटकसर कोणी ठेवली?" मग लेण्याकडे बोट. "ही कमान बघून कोरणारा होता हे मान्य करतोस ना?" मी म्हणायचो, "करतो की. त्यानं आधी लाकडी घर पाहिलं होतं, म्हणून तर त्यानं दगडातही तुळया कोरल्या. त्या तुळया काही पेलत नाहीत. तुमच्या कर्त्यानं काय बघून कोरलं?" यावर सर मांडीवर थाप मारून हसायचे. उत्तर नसलं की ते असेच हसायचे.

आणि सरांच्या पत्नी, इंद्रायणीवहिनी, डबा उघडायच्या. "देव असो नाहीतर नसो, शिरा गार होतोय," म्हणायच्या. त्या घरी रोज पूजा करायच्या आणि आमच्या वादात कधी पडल्या नाहीत. माझी बायको रेणुका आणि त्या एकदम गट्टीतल्या. आम्ही दोघं विश्वाचा निकाल लावत असताना त्या दोघी लोणच्याच्या मोहरीचा निकाल लावायच्या, आणि त्यांचा लागायचा.

बुद्धपौर्णिमेला मात्र रेणुका वर चढायचीच. स्तूपापुढे मेणबत्ती, पांढरी फुलं आणि उदबत्ती. मी तिला कितीदा सांगितलं असेल, बुद्धाला धूर लागत नाही. ती म्हणायची, "त्यांना न्हाई लागत. मला लागतो." यंदा तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. पायथ्यापर्यंत आली आणि दगडावर बसली. मग पिशवी तिनं माझ्या हातात न देता वहिनींच्या हातात दिली. मी लावताना नाक मुरडीन हे तिला पक्कं ठाऊक. सर तोवर पुढं वाट चढायला लागले होते.

"ताई, माज्या नावानं लावा. पुडा समदाच लावा, उरवू नगा."

"अगं, तुझ्या नावानं लावीन आणि माझ्याही," वहिनी म्हणाल्या.

पायथ्याच्या वस्तीतली माणसं सकाळीच येऊन गेली होती. मोहोळ यंदा खाली, पार लेण्याच्या तोंडाशी उतरलंय म्हणून त्यांनी वर काहीच पेटवलं नाही, नुसती बुद्धवंदना म्हणून ती माणसं खाली उतरली. हे मला नंतर कळलं. आम्ही पोचलो तेव्हा सर आणि मी टाक्याकडे वळलो, वहिनी स्तूपाकडे गेल्या. आत कोंदट होतं की काय, काडी नीट पेटेना, म्हणून त्या उदबत्त्या घेऊन तोंडाशी आल्या. भिंतीला एक भोक होतं, तिथं त्यांनी पुडाच्या पुडा पेटवून खोचला आणि हात जोडले. त्या दिवशी वारा नव्हता. धूर सरळ वर गेला. मी तो पाहिला आणि आवाज ऐकला. त्या दोहोंच्या मधे हाक मारण्याइतकीही फट नव्हती.

सर धावत सुटले. मी त्यांना मागून धरलं, आम्ही दोघंही पडलो. आमच्या अंगावर बसल्या त्या माश्यांची काही मोजदाद नाही, पण वहिनी दिसतच नव्हत्या, नुसतं काळं काहीतरी हलत होतं. वस्तीतली पोरं कांबळी पांघरून वर आली, झोळी करून त्यांनी त्यांना खाली नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माश्या का उठल्या? लोकांनी आपापली उत्तरं दिली. कोणी म्हणालं अत्तर, कोणी म्हणालं उन्हाचा कडाका, कोणी म्हणालं लेण्याचा शाप, त्याला मी तिथल्या तिथं झापलं. खरं कारण मला एकट्यालाच माहीत आहे असं मी धरून चाललो. सर माझ्याकडे तोंड करून बसले होते, त्यांची पाठ लेण्याकडे होती. त्यांना धूर दिसला नसणार.

रेणुका मात्र त्या दिवसापासून एकच विचारत होती.

"ताईनं माजी उदबत्ती लावली व्हती का वो?"

तिला धुराचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की मैत्रिणीच्या हातून शेवटचं काही चांगलं घडलं होतं का. मी सांगायचो, "आठवत न्हाई." रोज सकाळी पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि दुपारी बायकोला हे सांगायचं. दोन महिने मला माझी स्वतःचीच शिसारी येत होती.

लोणावळ्याला उतरलो तर रविवार. बाजारातून चिक्कीच्या पिशव्या घेऊन हिंडणारी गर्दी तुडवत सरांच्या घरी गेलो. चंद्रिकानं दार उघडलं, डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, पाय सुजलेले. शेजारच्या टेबलावर गोळ्यांची डबी आणि पाण्याचा भरलेला तांब्या तसाच.

"बस," ते म्हणाले. "आज मी थोडक्यात मांडतो. दम लागतो. कर्ता असेल तर तिला त्यानं मारलं. षटकोनाचं श्रेय त्याला द्यायचं आणि नांगीचं नाही, असं करता येत नाही. मोहोळ त्याचं तर विषही त्याचं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि कर्ता नसेल, तर तिला मी मारलं. मोहोळ बघायला तिला वर्षानुवर्षं मीच वर नेत होतो. आता तू सांग. आहे की नाही?"

तीस-पस्तीस वर्षं ज्या उत्तरासाठी मी या माणसाशी भांडलो ते एका शब्दाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. 'नाही' म्हणालो असतो तर वाद मी जिंकला असता आणि सर त्या खुर्चीतून उठले नसते. 'आहे' म्हणायला जीभ वळेना. पवनेच्या काठावर थरथरलेले ते हात माझ्या बापाचे होते.

"सर, दोनच पर्याय का?" मी म्हणालो. "आमच्याकडे असं मानत नाहीत. काहीही एका कारणानं होत नाही. अनेक गोष्टी जुळून येतात तेव्हा घडतं. मोहोळ यंदा खाली उतरलं होतं. वारा नव्हता. पौर्णिमा होती म्हणून आपण गेलो. पोळ्यात पिल्लं असतील, म्हणून माश्या चिडक्या असतील. यातलं एक नसतं तरी झालं नसतं. यात तुम्ही मारलं असं कुठं आलं?"

"पुढे बोल. वारा नव्हता, पिल्लं होती. पण अमक्याच क्षणी त्या उठल्या कशानं?"

"कोणीतरी दगड मारला असेल. वरच्या अंगाला गुराखी पोरं असतात."

सरांनी मान हलवली.

"वर कोणी नव्हतं, राजेंद्र," ते शांतपणे म्हणाले. "तू आयुष्यात माझ्याशी अनेकदा चुकीचं बोललास, खोटं आज पहिल्यांदा बोललास. उदबत्तीचा वास मला आला होता."

मी टेबलावरची डबी उगीचच सरळ केली.

"चंदनाची होती," ते म्हणाले. "आमच्या घरात ती मोगऱ्याची लावायची. चंदनाची रेणुकाची. मी तेव्हाच मनात म्हटलं, हिला आज रेणुकानं कामाला लावलेलं दिसतंय."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"चंद्रिकानं विचारलं, बाबा, माश्या कशानं उठल्या? मी म्हणालो, त्याची इच्छा. आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं रे." सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "आयुष्यभर पुरावे गोळा करून मी त्याला शोधत होतो. आता पुरावा लपवायला मला तो लागतोय. त्याच्यावर टाकलं नाही तर कोणावर टाकू? माझ्यावर घ्यायला मी तयार आहे, घेतलंच आहे. पण तू ती तुझी कारणांची साखळी ओढायला लागलास की ती रेणुकाच्या पिशवीपाशी जाऊन थांबते. बिचारी दगडावर बसून वाट बघत होती."

मी ज्या बाईला वाचवायला खोटं बोललो, तिलाच वाचवायला हा माणूस देवाला पुढं करत होता, आणि त्या देवावरचा त्याचा विश्वास पार उडालेला होता. त्यांना माझ्याकडून हवं होतं ते वादाचं उत्तर नव्हतंच. देव आहे असं कोणीतरी त्यांना परत सांगायला हवं होतं, आणि सगळ्या जगात त्यांना त्यासाठी मी सापडलो होतो. मला सरांची दया आली, माझी लाज वाटली, आणि त्या कर्त्याचा, तो असो वा नसो, मनस्वी राग आला.

बाहेर चंद्रिका कपबश्या मांडत होती. मला दुसरं काही सुचलं नाही.

"सर," मी विचारलं, "चौकोन का नाही केले त्यांनी?"

ते दचकले. माझ्या तोंडून हा प्रश्न त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"चौकोनाला मेण जास्त लागतं," ते म्हणाले. "गोल केलं तर मधे फटी राहतात. त्रिकोण..." इथं त्यांना रडू फुटलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपल्या सरांच्या अंगाला मी असा हात पूर्वी कधी लावला नव्हता. रडत रडतच त्यांनी त्रिकोणाचंही सांगून टाकलं, काही गाळलं नाही. मग डबी उघडून मी त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि तांब्या तोंडाला लावला.

"गणित कोणी शिकवलं त्यांना?" पाणी पिऊन ते म्हणाले.

दर वेळी इथं मी तोंड उघडायचो. या वेळी नाही उघडलं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. वडील असते तर त्यांना हे चाललं असतं का, मला माहीत नाही.

निघताना सर म्हणाले, "रेणुकाला सांगू नकोस."

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. रेणुका पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढं चंदनाची उदबत्ती नुकतीच लावलेली.

"घेतल्या का सरांनी गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं झालं." तेलाची वाटी तिनं बाजूला सारली. "आवो, सरांना तरी इचारलं का? ताईनं माजी उदबत्ती लावली व्हती का?"

मी थकलो होतो. आणखी एकदा 'आठवत न्हाई' म्हणायचं त्राण नव्हतं, आणि वहिनींनी ती लावली हे तर खरंच होतं.

"लावली व्हती."

"पुरा पुडा?"

"पुरा."

तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. तिनं मूर्तीकडे बघून हात जोडले. "तेवढं तरी झालं म्हना. आता माजं ठरलं. पुडच्या पौर्णिमेला बसत-उठत जाईन, पर वर जाईन. ताईच्या नावानं तितंच, त्याच जागी उदबत्ती लावीन."

"नगं," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

"का वो?"

का ते सांगता येईना. मोहोळ अजून तिथंच, हे सांगितलं तर ती विचारणार, मोहोळाचा आणि उदबत्तीचा काय संबंध. मी शब्द शोधत राहिलो, आणि जो सापडला तो कुठून आला कोण जाणे.

"आगं, जाऊ दे. वरच्याची मर्जी व्हती. त्याच्या मर्जीपुडं आपुन कोण?"

रेणुका माझ्याकडे वळली. माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिची ही नजर मला ठाऊक आहे. शाळेतून कोणाशी भांडून आलो की ती अशीच बघायची.

"वरच्याची?" ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापास्नं तुमच्या तोंडातनं देवाचं नाव निगालं न्हाई. तुमची आई गेली तवा न्हाई. पोरगं तापानं फणफणलं तवा न्हाई. आन् आज निगालं?"

मी मान खाली घातली.

"काय लपवताय?"

मी कोनाड्याकडे बघितलं. खरं तर बघायला नको होतं, पण बघितलं गेलं. तिची नजर माझ्या नजरेमागोमाग गेली. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता.

"धुरानं?" तिनं विचारलं.

"व्हय."

तेलाचे हात तिनं तसेच मांडीवर ठेवले. मी पुढं सरकून तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो मागं घेतला.

"सरांना ठावं हाय?"

"हाय. त्या दिसापास्नं."

"आन् ते गप ऱ्हायले. गोळ्या सोडून, आपल्यावर घेऊन." तिनं पदरानं हात पुसले, भिंतीला धरून उठायला लागली. "मला उद्याच्याला लोनावळ्याला न्या. सरांच्या म्होरं बसायचंय मला."

"आगं, ते जिनं चढून जायचं, फलाटावरनं चालायचं. तुझ्या गुडघ्यांना..."

"गुडघ्यांचं मला सांगू नगा," ती म्हणाली. "ह्या गुडघ्यांपायीच ताई माज्या जागी वर गेली."